माळवदावरची माती

लातूरहून औसा, औशाहून लामजना आणि तिथून किल्लारी, अशी एसटी धरा. साल १९९२, महिना डिसेंबर. मार्गशीर्ष अमावास्या आहे आज, म्हणजे या भागातली येळवस. बस जवळजवळ रिकामी असेल, कारण आजच्या दिवशी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली माणसं गावात सापडत नाहीत. किल्लारीत उतरलात तर दारांना कड्या दिसतील आणि ओट्यांवर निवांत पसरलेली कुत्री. तुम्हांला जिला भेटायचं आहे तीही घरी नाही. तेरणा नदीच्या अंगाला जाणारी कुठलीही गाडीवाट धरा. हिरव्या जोंधळ्यात जिथं कडब्याची कोप दिसेल आणि कोपीवर एखादं जुनं लुगडं किंवा शाल टाकलेली असेल, तिथं थांबा.

तिचं नाव विचारू नका. ती कुणी एक बाई नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ज्या गेल्या, आणि ज्यांची आठवण घरच्यांपलीकडे कुणी ठेवली नाही, अशा अनेकींच्या दिवसांतून मी ही एक उभी केली आहे. तारखा, आकडे, घरं, पिकं आहेत तशीच आहेत. ती आणि तिच्याभोवतीची माणसं मात्र अनेकांची मिळून झालेली. तसंही गावात तिला नावानं हाक मारणारं कुणी नाही. सासरी आली तेव्हा ती धाकटी वैनी होती, आता थोरल्याची माय आहे.

तुम्ही बांधावर घुटमळता. ती कपाळावर आडवा हात धरून बघते.

"कुठलं गाव म्हनायचं पाव्हनं? या की. आमी बी आत्ताच आलाव."

कोण, कशाला, कुणाकडं, काही नाही. येळवशीला शेतात आलेला माणूस जेवल्याशिवाय सोडायचा नसतो, ओळख असो नसो. घोंगडीवर बसता. समोर भज्जी येते: ओला हरभरा, तुरीचे आणि वालाचे दाणे, मेथीची पात, रानात जे हिरवं मिळेल ते सगळं बेसनात आणि ताकात शिजवलेलं. बाजरीचे उंडे. गव्हाची खीर. आणि मातीच्या बिंदगीत रात्रीपासून आंबवलेली, लसूण-जिऱ्याच्या वासाची आंबील. ही भज्जी पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत हल्ली मिळते म्हणतात. मिळत असेल. चार घरच्या बायकांनी आदल्या संध्याकाळी ओट्यावर बसून, बोलत बोलत सोललेल्या शेंगांची भज्जी हॉटेलात कशी मिळायची?

तिचं काम बघत बसा. कोपीतल्या पाच दगडांच्या पांडवांना नैवेद्य झाला, नवऱ्यानं शेताच्या चारी अंगांना आंबील शिंपडली, पोरं जेवली, वाटेवरचे जेवले, शेजारच्या रानातले जेवले. तिच्या पुढ्यात अजून ताट नाही. नवरा कमी बोलणारा. त्याच्या ताटात तिळाची पोळी वाढली तर तो 'नको, गोड होतंय' म्हणून बाजूला सारतो. त्याला तिळाची पोळी फार आवडते हे तिला ठाऊक आहे, आणि तो ती आपल्यासाठी ठेवतो हेही ठाऊक आहे. ती अर्धी मोडून पुन्हा त्याच्याच ताटात टाकते. या घरातला संसार एवढ्यावर चालतो. पंधरा-सोळा वर्षांत दोघांनी एकमेकांना गोड शब्द असा कधी म्हटला नसेल.

तिच्या शेजारी मांडी घालून बसली आहे ती तिची गडणी. मांगवाड्याकडच्या आळीतली. तिच्या घरी जमीन नाही; नवरा साखर कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीला, एरवी गवंड्याच्या हाताखाली. जमीन नाही तर येळवस कुठं करणार? म्हणून ती दरवर्षी पोरं घेऊन इथं येते. जातीचं अंतर गावात आहे, पाणवठ्यावर आहे, देवळात आहे. तुम्ही ते दिसत नाही असं मानू नका. घोंगडी एक असली तरी गडणीचा पेला आजही वेगळा ठेवला गेला असता, सासू असती तर. सासू वारली त्या वर्षी आपल्या थोरल्याच्या मायनं तो पेला उतरंडीत मिसळून टाकला आणि कुणाला काही बोलली नाही. या दोघींचा पैशाचा डबाही एकच आहे: हळदीचा, वर हळद आणि खाली दहा-दहाच्या नोटा. नवऱ्यांना पत्ता नाही. धाकटीच्या तापात त्यातले गेले, गडणीच्या बाळंतपणात त्यातलेच गेले.

संध्याकाळी हेंडगा पेटवून पोरं शेताभोवती फिरतात आणि मंडळी गावाकडं निघतात. तुम्हीही चला. आता एक विचित्र गोष्ट दिसेल. एवढी थंडी, तरी माणसं घरात शिरत नाहीत. अंगणात, खळ्यात, शाळेच्या मैदानावर कडब्याच्या कोपी, पत्र्याचे आडोसे, बाजा. सगळं गाव बाहेर झोपलं आहे.

ऑगस्टपासून जमीन हलते आहे. आधी खालून आवाज येतो, सुरुंग उडाल्यासारखा, मग उतरंडीची मडकी वाजतात. १८ ऑक्टोबरला जोराचा बसला, भिंतींना चिरा गेल्या. दिवाळी अंगणातच झाली. मार्च १९९३ पर्यंत असे शंभराहून जास्त धक्के या गावानं मोजले. साहेब येऊन गेले, यंत्रं घेऊन शास्त्रज्ञ येऊन गेले. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात हा सगळा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. दख्खनचं पठार, टणक काळा दगड. इथं काय व्हायचंय, असा भरवसा पुस्तकांतच होता. गावकऱ्यांनी मागण्या केल्या, निवेदनं दिली. मग उन्हाळा आला आणि धक्के थांबले.

आता दिवस पुढं ढकला. मे १९९३.

ती माळवदावर आहे. पदर खोचलेला, हातात पाटी. खाली बैलगाडीत पांढरी माती आली आहे. नवरा आणि थोरला भरून देतात, गडणी शिडीवरून वर देते, ती पसरते. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला हे काम. पांढरी माती पाण्यानं फुगते आणि फटी बुजवते, म्हणून छत गळत नाही. गेल्या वर्षी माजघरात गळलं होतं, धाकटीच्या अंथरुणावर. म्हणून या खेपेला तिनं त्या कोपऱ्यावर दोन पाट्या जास्त टाकल्या आहेत आणि पायानं नीट दाबून घेते आहे.

तुम्ही खाली उभे राहून हे घर एकदा नीट बघा, कारण पुढचं सगळं या घरात आहे. भिंत हातभराहून कितीतरी जाड. दिसायला अभंग. पण ती एक भिंत नाहीच: बाहेरून दगडांचा एक पदर, आतून एक पदर, आणि मध्ये मातीत कोंबलेले गोटे. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड कुठंच नाही. चुना नाही, सिमेंट नाही, सगळं मातीत रचलेलं. आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, त्यांवर कडीपाट. आणि त्याच्यावर ही माती. आजेसासऱ्यांनी टाकलेली, सासऱ्यांनी टाकलेली, हिनं लग्न झाल्यापासून दर मे महिन्यात टाकलेली. जुनी कुणी काढत नाही, नवी तेवढी पडते. कुठं फूटभर, कुठं दोन फुटांच्या वर गेलेली. उन्हाळ्यात घर गार, थंडीत ऊबदार, चोराला भिंत फोडता येत नाही, जावयाला दाखवायला भारदस्त. मराठवाड्यातल्या बाईला घराची जी काळजी घ्यायला शिकवलं जातं, ती सगळी तिनं घेतली. लेकराच्या अंथरुणावर थेंब पडू नये म्हणून ती त्याच लेकराच्या डोक्यावर वजन चढवत होती. या वाक्यापाशी मी पुष्कळ वेळा थांबलो आहे. पण ते टाळून ही गोष्ट सांगता येत नाही.

जूनमध्ये पाऊस आला. कोपी भिजल्या, विंचू-काट्याची भीती, पोरांना खोकला. एकेक घर आत गेलं. तिनं आत जायला नकार दिला नाही, घाईही केली नाही. धाकटीला ताप आला त्या रात्री बाजा आत घेतल्या. महिना गेला, काही हललं नाही. दुसरा गेला. मूग-उडीद निघाले, पोळा झाला, गौरी आल्या आणि गेल्या.

आता २९ सप्टेंबर. बुधवार, अनंत चतुर्दशी.

दिवस उजाडल्यापासून तिच्या मागं मागं राहा. पहाटे चारला ती उठते, रोजच. घड्याळ लागत नाही. अंगणात सडा, चुलीला पोतेरं, म्हशीची धार, पाण्याच्या दोन खेपा. मग भाकरी. परातीत थापटण्याचा आवाज या गावात कोंबड्यानंतरचा दुसरा. थोरला दहावीला आहे; त्याच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी, त्यावर तेलाची धार, ती बोट बुडवून चाखते आणि मीठ वाढवते. मधल्याची चड्डी शिवायची राहिली आहे, ती चुलीपाशी बसूनच शिवते. धाकटी मांडीवर. दुपारी रानात खुरपायला, कारण हायब्रीड जोंधळा कणसाला आला आहे आणि तुरीत तण माजलंय. येताना सरपणाची मोळी. वाटेत गडणीच्या दारात मोळी टेकवून घोटभर पाणी आणि दोन शब्द. तिच्या दिवसात स्वतःसाठी बसण्याची जागा तेवढी एकच आहे, गडणीच्या उंबऱ्यावर. तिथं ती हसते. घरी फार हसत नाही, बाहेर तर नाहीच; इथं मात्र तोंडावर पदर धरून, पोट दुखेपर्यंत. कशावर हसतात ते तुम्हांला कळणार नाही. पुरुष आला की दोघी गप्प.

"आज रातच्याला इकडंच झोपाय ये की," गडणी म्हणते. "ह्येनी मिरवणुकीत, पोरं बी तिकडंच. दोघी बोलत बसू."

"धाकटीला सर्दी झालीया गं. उद्या येते."

रात्री मिरवणूक. लेझीम, ढोल, गुलाल. साऱ्या गावानं गणपती पोचवला. नवरा आणि थोरला उशिरापर्यंत बाहेर. ती चुलीत निखारा राखून बसली आहे, भाकरी गरम मिळावी म्हणून. आता तुम्हांला बोलल्यावाचून राहवत नाही. तुम्ही चौकटीत उभे राहून तिला सांगून टाकता: आज आत झोपू नका. पोरांना घेऊन बाहेर या. काही तासांचा प्रश्न आहे.

ती तुमच्याकडं बघते. वेड्यात काढत नाही. या गावातल्या बाईला हे नवीन नाही.

"झोपलाव की बाहेर," ती म्हणते. "सा-सात म्हैने झोपलाव. लेकरं काकडली, आजारी पडली. साहेब म्हनले, काई होत नाई, जावा घरात. आता तुमी म्हन्ताव बाहेर या. किती दिस बाहेर राहावं मान्सानं? घर कशाला बांधलं मंग?"

याला तुमच्यापाशी उत्तर नाही. तेव्हा सरकारपाशीही नव्हतं, शास्त्रज्ञांपाशीही नव्हतं. किल्लारीला सूचना मिळाली नाही असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे जमिनीनं तिला वर्षभर सूचना दिल्या. त्या ऐकून जायचं कुठं, हे कुणी सांगितलं नाही.

नवरा येतो, जेवतो. उकाडा होतोय म्हणून बैलांपाशी खळ्यात जाऊन पडतो. थोरला मित्रांबरोबर देवळाच्या ओट्यावर झोपणार. ती मधल्याला आणि धाकटीला घेऊन माजघरात, त्या न गळणाऱ्या कोपऱ्यात अंथरूण टाकते. दाराला आतून कडी. गुरुवार उजाडायला अवकाश आहे.

पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. ६.२ ते ६.४ तीव्रता सांगतात, आणि खोली फार थोडी, दहा-बारा किलोमीटर, म्हणून धक्का अंगावर आल्यासारखा बसला. भिंतीचा आतला पदर आत कोसळला, बाहेरचा बाहेर, आणि वरची माती खाली आली. काही सेकंदांचं काम. बऱ्याच घरांत लाकडी खांब तसेच उभे राहिले. ती रोज उठायची त्याला चार मिनिटं कमी होती.

तुम्ही तिथं राहू नका. बघण्यासारखं काही नाही आणि तुमच्या हातून व्हायचंही काही नाही. सकाळी राज्यातून मदत निघाली, सैन्य आलं, सोलापूर-पुण्याचे डॉक्टर आले, पोतीच्या पोती भाकऱ्या आल्या. बघ्यांच्या गाड्याही आल्या, रस्ते अडवून. मग पाऊस आला आणि मातीचा चिखल झाला. सरपण संपलं तेव्हा पडलेल्या घरांच्या तुळया ओढून चिता रचल्या. भाद्रपदातली पौर्णिमा होती ती. दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष लागला.

सरकारी आकडा ७,९२८ मृत. इतर ठिकाणी तो दहा हजारांच्या आसपास सांगतात. सोळा हजारांच्या आसपास जखमी. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं इतकी उद्ध्वस्त झाली की ती दुसरीकडं वसवावी लागली. किल्लारी आणि सास्तूर ही त्यांतली नावं सगळ्यांना ठाऊक असतात, बाकीची पन्नास कुणी विचारत नाही. मेलेल्यांत बायका आणि मुलं जास्त होती. पुरुष बरेचसे उघड्यावर झोपलेले, खळ्यात, रानात, देवळात. बाई आत, कारण मूल आत, चूल आत, आणि बाईनं उघड्यावर झोपायचं नसतं.

गडणी वाचली. तिचं घर कुडाचं होतं, वर पत्रा. गरिबाच्या कुडाच्या भिंती पडल्या तरी जीव घेत नाहीत, हे त्या पहाटे कितीतरी गावांत दिसलं. खळ्यातून उठून आलेला नवरा हातांनी माती उपसत होता, थोरला त्याच्या शेजारी. तिसरी तीच होती. मधला जिवंत निघाला, पायावर तुळई पडलेला. माय आणि धाकटी एकत्र सापडल्या. कपाळावरचं आणि मनगटावरचं गोंदण गडणीला डोळे मिटून सांगता आलं असतं. लग्नाआधी दोघी वेगवेगळ्या गावांत, पण एकाच गोंदणाऱ्या बाईकडून गोंदून आलेल्या, यावरूनच त्यांची पहिली ओळख झाली होती.

थोडं पुढं चला. १९९४. गावाबाहेर पत्र्याच्या शेडची वसाहत. उन्हाळ्यात पत्रा तापतो तेव्हा माणसं दिवसभर झाडाखाली. इथं तुम्हांला कळेल की एक बाई गेली म्हणजे घरातून नेमकं काय काय गेलं. नवऱ्याला पिठाचा डबा सापडत नाही. जोंधळ्याचं बी कुठल्या मडक्यात राखेत घालून ठेवलं होतं ते त्याला माहीत नाही. कुणाकडून किती उसने आणले, कुणाला किती दिले, लेकराला कोणतं औषध सोसत नाही, कोणाच्या लग्नात किती आहेर झाला, हा सगळा हिशेब तिच्या डोक्यात होता आणि तो कुठंही लिहिलेला नव्हता. वर्षभरात शेडमध्ये लग्नं लागू लागली. विधुर लगेच उभे राहिले. विधवांचं तसं झालं नाही. लोकांनी नावं ठेवली. मी ठेवत नाही. दोन पोरं आणि पाच एकर घेऊन बसलेल्या माणसाला चूल पेटवणारं कुणी हवं होतं, आणि कुठल्या तरी गरिबाची अठरा-वीस वर्षांची मुलगी त्याला मिळाली. तिच्या मनाचं कुणी विचारलं का, हा प्रश्न मात्र कुठल्याच पाहणीत नीट आला नाही.

आणि दुसऱ्याही बाया होत्या, ज्या वाचल्या पण ज्यांची सगळी मुलं गेली. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या. त्यांतल्या काहींनी टाके उघडून घेण्यासाठी पुन्हा दवाखान्याची पायरी चढली, पुन्हा आई व्हायला. एका जन्मात एकदा शासनाच्या सांगण्यावरून बंद केलेलं, पुन्हा शासनाच्याच मदतीनं उघडलेलं. भूकंपाच्या आकड्यांत हे बसत नाही, म्हणून इथं नोंदवतो.

मधला पुण्याला गेला. शांतीलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं या भागातली सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. गडणीनं त्याची पिशवी भरली. चटणीचा डबा, वर तेल. तिनं बोट बुडवून चाखलं आणि मीठ घातलं.

नवं किल्लारी जुन्यापासून थोडं दूर, सरळ रस्त्यांचं, चौकोनी आखणीचं. जागतिक बँकेचं कर्ज, सरकारची योजना, दात्यांच्या संस्था. काम प्रचंड झालं आणि वेगानं झालं, हे मान्य करायला हवं. त्या काळी शरद पवार मुख्यमंत्री होते आणि प्रवीणसिंह परदेशी लातूरचे जिल्हाधिकारी, आणि त्यांच्या त्या कामाचा दाखला पुढं देशभर दिला गेला. पण घरांचा नियम बघा. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, त्यावरच्यांना सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून मोठ्यांना ७५०. सारख्या आकाराची घरं एकेका भागात. जमिनीच्या मापानं शेजार ठरला. थोरल्याची माय जगली असती, तर तिचं घर चारशेच्या रांगेत आणि गडणीचं अडीचशेच्या रांगेत पडलं असतं, मध्ये अर्धा कोस डांबरी रस्ता. मोळी टेकवायला उंबरा कुठला? ओसरी नाही, पार नाही, दार उघडलं की सरळ वाहनांचा रस्ता. आराखडा करणाऱ्यांनी शौचालय, वीज, रस्ते, शाळा, सगळ्याची सोय केली. बायका कुठं बसून बोलतात याची जागा त्यांच्या कागदावर नव्हती. जुनं गाव दगड-मातीनं उभं होतं तितकंच या बसण्या-बोलण्यानं उभं होतं. माझं मत विचाराल तर त्याहून जास्त.

सगळीकडं असंच झालं असं नाही. ५२ गावांच्या पलीकडं, जिथं घरं पडली नाहीत पण खिळखिळी झाली, तिथं दुसरी गोष्ट घडत होती. बाराशे-तेराशे गावांत घरं जागच्या जागी दुरुस्त करायची ठरली आणि प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावागावांत बायकांना संवाद सहायक नेमलं गेलं. घराच्या बांधकामाबद्दल बाईला विचारायचं, तिनं इंजिनिअरला जाब विचारायचा, हे मराठवाड्यात तोवर ऐकिवात नव्हतं. गडणीची भावजय अशीच एक. गडणी माहेरी गेली तेव्हा तिनं ते काम बघितलं. जाड भिंतीला आरपार भोक पाडायचं, त्यात वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन पदर एकमेकांना बांधले जातात. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपा आधार ठोकायचा. भिंतीभोवती पट्टा बांधायचा. आणि माळवदावरची माती कमी करायची.

भावजयीनं शिडी लावली आणि चार बायकांना वर चढवून जुनी माती पाट्या भरभरून खाली उतरवली. गडणी शिडीवर उभी राहून पाट्या घेत होती. या खेपेला खालच्या दिशेनं.

याच बायकांतल्या काही पुढं २००१ च्या भूकंपानंतर कच्छला गेल्या, तिथल्या बायकांना घर कसं बांधून घ्यायचं ते सांगायला. भाषा वेगळी होती; दगड, माती आणि लेकरं सारखीच होती.

आता तुमच्या काळात परत या. उस्मानाबादचं धाराशिव झालं आहे. २००२ मध्ये भूकंपाचा नकाशा बदलला, पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीत सहाशे मीटरहून खोल विंधणविहीर घेऊन खडक तपासला. थोरला आता पन्नाशीकडं झुकला आहे. दर ३० सप्टेंबरला जुन्या गावातल्या स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजली वाहतात, तो जातो. येळवस तो चुकवत नाही. शेतात आलेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाही.

एक काम मात्र राहिलं आहे, आणि ते तुमचं आहे. २१ मार्च २०२४ च्या सकाळी आणि पुन्हा १० जुलैला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, नांदेडपर्यंत माणसं घराबाहेर आली. नांदेड, हिंगोली, परभणी, लातूर, धाराशिवच्या खेड्यांत मातीत रचलेल्या जाड भिंतींची, माळवदाची घरं अजून आहेत, आणि त्यांत बहुतेक करून म्हातारी आई एकटी राहते, कारण मुलं पुण्याला असतात. तुमची आई अशा घरात असेल तर या उन्हाळ्यात गावी जा. शिडी लावून वर चढा, वरच्या मातीत सळई खुपसून ती किती जाड झाली आहे ते मोजा. गळतंय म्हणून नवी माती टाकायची असेल तर आधी जुनी उतरवा. गवंड्याला सांगून भिंतीत आरपार दगड बसवून घ्या. आणि तिची बाज माजघरातून काढून दाराजवळ घाला, तिनं कितीही नको म्हटलं तरी.